टबातला डाग कोणी नेला?

“माह्या घरातून डाग चोरीले गेला, बाई,” जनकाबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी लगेच पेनाचं टोपण काढलं. “किती तोळ्याचा होता?”

“तोळ्याचा नाही. गंजाचा.”

महादेवरावांचं पेन जागीच थांबलं. त्यांनी समोर बसलेल्या बाईंकडे नीट पाहिलं. पांढरं स्वच्छ लुगडं, कपाळावर आठी, मांडीवर गच्च भरलेली कापडी पिशवी. वेड्यासारख्या तर दिसत नव्हत्या.

बुलडाण्यात बसस्थानकासमोर, चष्म्याच्या दुकानाच्या वर योगिनी पाचपोर यांचं तपास कार्यालय होतं. लग्नाच्या स्थळांची चौकशी, विम्याची भांडणं, कधी हरवलेली माणसं. महादेवराव तिचे सासरे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून सुनेची गाडी चालवायला आले आणि तिथेच रमले. आपण हाताशी असल्याशिवाय योगिनीचा एकही तपास पुरा होत नाही, अशी त्यांची समजूत होती. योगिनीनेही ती कधी मोडली नव्हती.

“मावशी, नीट सांगा,” योगिनी म्हणाली. “कसला डाग?”

“टबातला.”

जनकाबाई वाकोडे अमडापूरच्या. त्यांचे यजमान इंद्रभान बँडमास्तर होते. जयंतीची मिरवणूक असो की कोणाचं लग्न, पंचक्रोशीत त्यांचाच बँड. जुन्या डाकबंगल्याची डागडुजी निघाली तेव्हा तिथला आंघोळीचा, आतून पांढरा मुलामा दिलेला बीडाचा टब बाहेर फेकला होता. इंद्रभानने तो ट्रॅक्टरवर टाकून घरी आणला. अख्खं गाव हसलं.

“मिरवणुकीतून पायाचे तुकडे घेऊन येत,” जनकाबाई म्हणाल्या. “मंग गरम पाण्यात बसत. बँडच्या बाजांची लोखंडी पेटी उचलाले दोन माणसं लागत, इतकी भारी. तिच्याच्यानं कंबरही गेलती त्यायची.”

“आणि डाग?”

“आमच्या बोअरच्या पाण्यात लोह हाय. टबाचा नळ गळे. टिपटिप, टिपटिप. नळाखालून पार पाणी जायच्या जाळीपर्यंत तपकिरी पट्टा पडला, गायीच्या जिभेवानी. मी म्हणो, वायसर बदला. हे म्हणत, उद्या बदलतो. साऱ्या संसारभर उद्याच म्हणत राह्यले.” त्या थांबल्या. “मागच्या दिवाळीत गेले.”

महादेवरावांनी पेनाला टोपण लावलं.

“त्या डागापाई मी जन्मभर भांडली त्यायच्यासंगं. ते गेल्यावर पोरानं नळ बदलला. मी म्हटलं, नळ बदल, पण डागाले हात लावशील तं पाहून ठेव. सोनाळ्याले बहिणीकडं गेलती मी. काल आली, तं टब पांढराशिप्पट.”

“कोणावर संशय?”

“सुनेवर,” असं म्हणताना जनकाबाईंचा आवाज बारीक झाला. “समता. लेकीसारखी हाय, म्हणूनच जास्त लागलं. माह्या घरात मले आता पाणी गोड लागत नाही. हे पाहा, पिशवी भरली. सोनाळ्याले चालली कायमची. फक्त जायच्या आधी मले खरं काय ते समजलं पायजे.”

महादेवरावांनी मान हलवली. “सूनच असणार! या सुना ना...”

बोलता बोलता त्यांना आपण कोणाच्या खुर्चीशेजारी बसलोय ते आठवलं. योगिनीने फक्त भुवई वर केली.

“बाबा, गाडी काढा,” ती म्हणाली.

अमडापूरला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वाकोडेंचं घर चिखली रस्त्याला, स्लॅबचं, पुढे कडुनिंब. गाडीतून सोबत आलेल्या जनकाबाई पिशवी घेऊन त्याखालीच बसल्या, आत गेल्या नाहीत. निळे झेंडे लावायला खांबांवर दोऱ्या ताणलेल्या होत्या. जयंती आठवड्यावर आली होती.

योगिनी थेट न्हाणीघरात गेली. महादेवराव मागून.

टब खरंच देखणा होता. चार पाय असलेला, खोल, पांढरा. योगिनी गुडघ्यांवर बसली, आतून बोटं फिरवली, मग मोबाइलचा उजेड आडवा धरून टबाच्या भिंती न्याहाळल्या.

“इथे बघा बाबा.”

नळाच्या अगदी खाली, काठापासून वीतभर, तपकिरी पट्टा तसाच होता. त्याच्याखाली तो एकदम संपला होता, सुरीने कापल्यासारखा. आणि त्याच उंचीवर टबाला आतून चहूकडे एक पुसट रेघ होती.

“राह्यला थोडासा,” महादेवराव म्हणाले. “कंटाळली असंल घासून.”

“हं.” योगिनीने जाळी उचलली. जाळीच्या कडेला हिरवट छटा होती. खाली एक तपकिरी, चपटं, गुळगुळीत बी अडकलं होतं. तिने ते कागदात घेतलं. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, थेट जाळीकडे. बाहेरच्या धुण्याच्या दगडाजवळ सिमेंटवर पाण्याचे वाळलेले गोल उमटले होते. एक परातीएवढा, बाकीचे लहान.

“पातेले घासले असतील,” महादेवराव म्हणाले.

“असतील,” योगिनी म्हणाली.

समता सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. पुढच्या खोलीत ती चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. महादेवरावांना उन्हाची तिरीप लागत होती. कोपऱ्यात एक भली मोठी लोखंडी पेटी होती. त्यांनी ती एका हाताने सर्रकन सावलीत ओढली आणि तिच्यावर बसले.

“आबा, जपून. त्यात बाबांचे बाजे हायेत,” समता म्हणाली.

“अजून ताकद हाय म्हणा या हातात,” महादेवराव खूश होऊन म्हणाले. योगिनीने पेटीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

“समता, मावशी सोनाळ्याला होत्या तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“अमरावतीले. प्रशिक्षण होतं. काल दुपारी आली. आई आन् हे संध्याकाळी आले. हे सकाळीच आईले आणाले गेलते सोनाळ्याले.”

“म्हणजे दुपारी घरात तुम्ही एकट्याच.”

समताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग एकदम म्हणाली, “मीच काढला तो डाग.”

महादेवरावांनी विजयी मुद्रेने योगिनीकडे पाहिलं.

“कशाने?” योगिनीने विचारलं.

“लिंबू आन् खायचा सोडा. दोन्ही कालवलं आन् ब्रशनं घासलं.”

“सुरुवात कुठून केली?”

“कुठून म्हणजे? वरून. नळाखालून खाली जाळीकडे. कोणी बी तसंच घासंल ना.”

“घासंल खरं,” योगिनी म्हणाली. “ब्रश दाखवता?”

“फेकला,” समता म्हणाली आणि खाली बघत राहिली.

प्रसेनजित, जनकाबाईंचा मुलगा, गावातल्या बसस्थानकाजवळच्या त्याच्या दुकानात भेटला. तो जळालेल्या पंपांच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. तांब्याच्या तारेचं वेटोळं त्याने बाजूला ठेवलं आणि योगिनीने तोंड उघडायच्या आत म्हणाला, “समताचा काही दोष नाही. मी केलं ते.”

महादेवरावांच्या चेहऱ्यावरची विजयी मुद्रा उतरली.

“तुम्ही?”

“हाव. फरशी धुवाचं ॲसिड ओतलं. डाग खाल्ला त्यानं. आईले सांगाची हिंमत नाही झाली.”

“टबात ओतलं आणि सोडून दिलं?”

“हाव.”

“कधी?”

“आईले आणाले जायच्या आधी.”

“घरात तेव्हा कोणी नव्हतं?”

“कोणीच नाही. नागसेनकाकापाशी चावी ठेवून गेलो. कुत्र्याले भाकर टाकाले.”

“तुमच्या बायकोला माहीत होतं?”

“तिले काहीच नका विचारू,” तो कळवळून म्हणाला. “आई तिच्यावर रागावून राह्यली, ते मले पाहवत नाही. माह्यावरच लिहा सारं.”

गाडीत बसल्यावर महादेवरावांनी स्टिअरिंगवर हात आपटला. “एका डागाचे दोन चोर! दोघांनी मिळून केलं असंल मंग.”

“बाबा, ॲसिड ओतलेला टब तुम्ही कधी पाहिलाय?”

“आपल्याकडं टबच नाही.”

“आपल्या मोरीतलं चिनीमातीचं बेसिन आठवतं? नळ दुरुस्त करायला आलेल्या पोराने ॲसिडने धुतलं होतं.”

“हाव. चमक गेली होती पार. हात लावला तं खरखरीत. अन् फरशीच्या जोडातलं सिमेंटही खाल्लं होतं.”

“या टबाला मी हात लावला. गुळगुळीत आहे. खालचं सिमेंटही शाबूत.”

महादेवरावांनी गाडी सुरू केली. “मंग समता खरं बोलली.”

“लिंबू आणि सोडा एकत्र कालवले की फसफसतात आणि दोघांचाही जोर संपतो. इतका जुना गंज त्याने हलायचा नाही. शिवाय वरून घासत आली तर वरचाच वीतभर डाग कसा राहिला?”

“दोघंही खोटं बोलून राह्यले?”

“दोघंही खोटं बोलतायत. पण का, ते बघा.”

महादेवरावांनी पाहायचा प्रयत्न केला. त्यांना समोर फक्त एक म्हैस दिसली. तिने रस्ता सोडेपर्यंत ते विचार करत राहिले.

नागसेन इंद्रभानचा जिवलग मित्र. बँडमध्ये कॉर्नेट, ती छोटी तुतारी, वाजवायचा. गावाबाहेर त्याचा मळा होता. बांधावर चिंचेचं मोठं झाड आणि त्याखाली फोडलेल्या चिंचांची टरफलं पडलेली. नागसेन वांगी तोडत होता. त्यांना पाहून तो लगबगीने आला आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं.

“जय भीम. या, या. इथंच बसा, सावलीत. गोठ्यात लय घाण हाय.”

“बँड बंद झाला म्हणे?” योगिनीने विचारलं.

“इंद्रभान गेला तवापासून. मी तं कॉर्नेटले हात नाही लावला. मनच होत नाही.”

बोलताना त्याचा वरचा ओठ मधोमध सुजलेला दिसत होता. त्यावर एक लालसर, अर्धगोल वळ होता.

“ओठाला काय झालं?” महादेवरावांनी आपुलकीने विचारलं.

“मधमाशी चावली,” नागसेन घाईने म्हणाला.

“वाकोडेंच्या टबातला डाग गेला, ऐकलं का?”

“कोणता डाग?” नागसेनच्या चेहऱ्यावरचा गोंधळ अगदी खरा होता. “टब तं मस्त पांढरा हाय त्यायचा.”

“तुम्ही आधी कधी पाहिला होता?”

“दुसऱ्याच्या न्हाणीघरात मी कायले जाऊ, बाई?”

योगिनी हसली. तिने वाकून जमिनीवरून एक चिंचोका उचलला, तळहातावर ठेवला आणि महादेवरावांना दाखवला. टबाच्या जाळीतलं बी आणि हे, सख्खे भाऊ.

परत येताना ती चिंचोका बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाबा, थोडं थांबवा गाडी.”

त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली.

“मला कळलंय. पण सांगितलं तर त्या लोकांनी जपलेली एक छान गोष्ट फुटते. नाही सांगितलं तर मावशी आज संध्याकाळच्या गाडीने जातात.”

महादेवरावांना काय कळलंय ते कळलं नव्हतं. पण असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते कळायची गरज नव्हती.

“फुटू दे,” ते म्हणाले. “रुसून गेलेलं माणूस परत आणाले लय दिवस लागतात. अन् आमच्या वयात ते दिवस हाताशी नसतात.”

योगिनीने त्यांच्याकडे पाहिलं. “चला,” ती म्हणाली.

संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत जमले. जनकाबाई दाराजवळ, पिशवी पायाशी. समता आणि प्रसेनजित दोन कोपऱ्यांत. नागसेनला बोलावणं धाडलं होतं, तो उंबऱ्यावर टोपी चुरगाळत बसला होता.

“मावशी,” योगिनी म्हणाली, “तुमचा डाग कोणी काढला नाही.”

“मंग उडून गेला का?”

“तो आपोआप निघाला. ज्यांच्यामुळे निघाला त्यांनाही ते ठाऊक नाही. आधी एवढं ऐका, की या दोघांनीही माझ्याजवळ गुन्हा कबूल केलाय.”

समताने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. प्रसेनजितने बायकोकडे.

“समता दुपारी घरी आली, टब पांढरा दिसला. आठवडाभर घरात प्रसेनजित एकटे होते. तिला वाटलं, यांनीच काढला. प्रसेनजित संध्याकाळी तुमच्याबरोबर आले. दुपारपासून घरात समता एकटी. त्यांना वाटलं, हिनेच काढला. तुमचा राग पाहून दोघांनीही एकमेकांना विचारायच्या आधीच पांघरूण घातलं. एकाने लिंबाचं, एकाने ॲसिडचं. दोन्ही खोटं. लिंबू-सोड्याने तो गंज निघत नाही, आणि ॲसिडने टबाची चमक राहत नाही.”

“तुले वाटलं मी केलं?” समता नवऱ्याला म्हणाली.

“तुले नाही का वाटलं मी केलं?” तो म्हणाला. दोघांच्याही ओठांवर हसू यायला लागलं, पण जनकाबाईंकडे पाहून थांबलं.

“आता टब,” योगिनी म्हणाली. “घासणारा हात डागाच्या मागे जातो. वरून खाली, जिथे डाग तिथे. पण हा डाग एका उंचीवर सरळ कापला गेलाय, आणि त्याच उंचीवर टबाला चहूकडे रेघ आहे. हात असं करत नाही, पाणी करतं. टब त्या रेघेपर्यंत कशाने तरी भरला होता, एकदोन दिवस तसाच होता. ते पाणी आंबट होतं. जाळीत चिंचोका सापडला, मुंग्या अजून येतायत. चिंच गंज सोडवते, आणि सावकाश सोडवते म्हणून टबाची चमक बिघडली नाही.”

“टबभर चिंचेचं पाणी?” जनकाबाई म्हणाल्या. “कायले?”

“चिंचेने आपण काय घासतो, मावशी?”

“पितळ. तांबं.”

“जाळीच्या कडेला हिरवट रंग उतरलाय. तो पितळेचा. पण तांब्या-कळशी असती तर बादली पुरली असती. बादलीत न मावणारं पितळ या घरात कोणतं?”

नागसेनच्या टोपीचा पार चोळामोळा झाला होता.

“बाहेर सिमेंटवर गोल उमटलेत. एक परातीएवढा. आमच्या बाबांना ती पातेली वाटली. पण त्यांनीच मला खरा पुरावा दिला.”

महादेवराव ताठ बसले. “मी?”

“मावशी म्हणाल्या होत्या, बाजांची पेटी उचलायला दोन माणसं लागतात. तुम्ही ती एका हाताने सर्रकन ओढलीत. पेटी रिकामी आहे, बाबा.”

महादेवरावांनी आपण बसलो होतो त्या पेटीकडे पाहिलं. ताकदीचा अभिमान गेला, पण पुराव्याचा मिळाला. सौदा वाईट नव्हता.

“आणि नागसेनकाका,” योगिनी म्हणाली, “मधमाशी इतकी गोल चावत नाही. बऱ्याच महिन्यांनी कॉर्नेट ओठाला दाबून वाजवलं की असा वळ उठतो.”

नागसेनने मान खाली घातली. “वहिनी, माफ करा. जयंतीले तुमाले दाखवाचं होतं. बाजे काळे पडले होते पार. बादलीत बुडेनात. प्रसेनजित म्हणाला, टब हाय ना. मीच मळ्यातल्या चिंचा आणल्या, टब त्यानं भरला. तो तुमाले आणाले गेला तवा मी बाजे काढले, पाणी सोडलं, टब खंगाळला. डाग होता हे मले कसं समजावं? मी तं पाह्यला तवा पांढराच.”

“काळ्या पाण्याखाली डाग दिसला नाही,” प्रसेनजित हळूच म्हणाला. “चिंचेनं तो निघंल हे डोक्यातच नाही आलं, आई. समताले सांगितलं नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. बाबांचा बँड पुन्हा उभा कराचा होता.”

जनकाबाईंनी पायाशी ठेवलेल्या पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. महादेवराव त्यांच्याकडे पाहत होते. गेलेल्या माणसाच्या चांगल्या गोष्टी सगळेच जपतात. त्याची खोड जपणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती, आणि आता तिच्या हातात काय उरलं होतं?

“कुठी हायेत बाजे?” जनकाबाईंनी विचारलं.

“गोठ्यात.”

“बाजे गोठ्यात ठेवले?” त्या कडाडल्या. “म्हशीच्या शेजारी? यांनी कधी त्यायले जमिनीवर नाही टेकवलं आन् तू गोठ्यात ठेवले? जा, घेऊन ये!”

नागसेन जवळजवळ पळतच गेला. प्रसेनजितही मागे धावला.

बाजे आले तेव्हा खोलीत दिवा लावला होता. प्रसेनजितने गळ्यात अडकवायचा मोठा बाजा सतरंजीवर ठेवला आणि सगळी खोली पिवळी झाली. जनकाबाईंनी त्यावरून हात फिरवला. वाकून पाहिलं. बाजाच्या पोटात त्यांचा स्वतःचा चेहरा रुंद होऊन दिसत होता.

“लग्नात असाच होता,” त्या म्हणाल्या. मग त्या रडल्या. समता जवळ जाऊन बसली, पण हात लावायला धजली नाही. जनकाबाईंनीच तिचा हात ओढून मांडीवर घेतला.

“मी तुह्यावर आळ घेतला पोरी.”

“मी बी यायच्यावर घेतला होता, आई. मनातल्या मनात.”

“आन् हा येडा गप राह्यला.” त्यांनी डोळे पुसले. “काऊन बे, बायकोच्या पोटात राहत नाही म्हणतोस, तुह्या पोटात तरी काय चांगलं राह्यलं? एवढी आग लागली घरात!” मग नागसेनकडे वळून म्हणाल्या, “वाजव.”

नागसेनने सुजलेल्या ओठाला कॉर्नेट लावलं. पहिला सूर फाटला. दुसरा थरथरला. तिसऱ्याला जनकाबाईंनी हात वर केला.

“थांब. तिथं श्वास घ्याचा नसतो. ते तिथून सलग जात. पुन्हा घे.”

“वहिनी, तुमाले कसं ठाऊक?”

“भिंतीपल्याड सैपाक करत जन्म गेला माहा. पुन्हा घे.”

त्याने पुन्हा घेतलं. महादेवराव आणि योगिनी निघाले तेव्हा पाचवी खेप चालू होती आणि जनकाबाईंचं समाधान झालेलं नव्हतं.

जयंतीच्या दिवशी प्रसेनजितचा फोन आला, आईने तुम्हा दोघांना बोलावलंय म्हणून. मिरवणूक चिखली रस्त्याने येत होती. पुढे निळे झेंडे, मागे बँड. बाजांवर ऊन असं पडलं होतं की डोळे मिटावे लागत. बँडच्या पुढे जनकाबाई चालत होत्या, उलट्या, वाजवणाऱ्यांकडे तोंड करून, हाताने ताल धरून. कोणाचा सूर चुकला की बोट रोखत होत्या. समता त्यांच्या मागे चालत होती, त्या ठेचकाळू नयेत म्हणून पाठीशी हात धरून.

घरासमोर बँड थांबला. इंद्रभान मिरवणूक संपताना जी चाल वाजवायचे ती नागसेनने सुरू केली आणि सगळ्या बाजांनी उचलली. जनकाबाईंचा हात थांबला. चाल पुरी होईपर्यंत त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून नागसेनला म्हणाल्या, “हाव. असंच.”

महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बाबा,” योगिनी म्हणाली, “पुढे होऊन नाचता का थोडं?”

“मी? या वयात?”

“मी येते ना बरोबर.”

ते एकटक तिच्याकडे पाहत राहिले. मग चपला काढून कडुनिंबाखाली, तिच्या पर्सशेजारी ठेवल्या आणि सुनेचा हात धरून बाजांच्या समोर गेले.